डावा कौल

आप्पा गुरवांना सिनेमाला नेणं म्हणजे आफतच. पडद्यावरच्या माणसांशी ते तोंडावर भांडतात. त्या रविवारी रत्नागिरीत वकिलांच्या मंडळाने एक जुना, काळा-पांढरा कोर्टाचा सिनेमा लावला होता आणि शमिका वकील असल्यामुळे तिला जाणं भाग होतं. आप्पा आदल्या दिवशीच गावाहून डोळे तपासायला आलेले. त्यांना खोलीवर एकटं कसं टाकणार? म्हणून बाप-लेक शेजारी शेजारी बसले.

सिनेमा परदेशातला, खाली मराठी अक्षरं. युद्ध संपलेलं, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात कोण, तर चक्क न्यायाधीश! सरकारला नको असलेल्या माणसांना कायद्याच्या नावाखाली मरणाच्या छावण्यांत धाडणारे. प्रत्येकाचं एकच तुणतुणं: हुकूम वरचा, आमचा नुसता शिक्का.

"अरे मेल्यांनो, हात तुमचाच ना!" आप्पा कडाडले. पुढच्या रांगेतले वकील वळून हसले. शमिकाला लाजही वाटली आणि अभिमानही. असा सरळ बाप किती जणींना मिळतो?

दुपारी ती त्यांना स्कूटरवरून हातखंब्याच्या नाक्यावर सोडायला आली. वाडीची वडाप, म्हणजे भाड्याची जीप, यायला वेळ होता. समोर उसाच्या रसाचं दुकान दिसलं तशी आप्पांनी मान फिरवली. मान शमिकानेही फिरवली, सवयीने. दुकानात ईशा उभी होती ना!

ईशाच्या घराला गावाने वाळीत टाकलं होतं. तिच्या आज्याने मानकऱ्यांच्या चिरेखाणीविरुद्ध सरकारात तक्रार केली, हा त्याचा गुन्हा. देवळात कौल लावला. देवळाचे गुरव म्हणून आप्पांनी रिवाजाप्रमाणे देवाच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे फुलांचे ओले कळे चिकटवले आणि गाऱ्हाणं घातलं, की बाबा, ह्या माणसाला गावात धरायचा का? उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाही. डावा पडला. झालं! त्या घराशी बोलणं बंद, विहीर बंद, मयताला जाणंही बंद. मोडेल त्याला दंड. ईशा केस घालायची म्हणून दोनदा शमिकाकडे आली होती. साक्ष द्यायला गावात कुणी तयार नव्हतं. आणि शमिकाने दोन्ही वेळा तिला वाटेला लावलं होतं. म्हणाली होती, "अगो, कौल देवाचा. देवावर केस कशी घालायची?"

"आप्पा, त्या न्यायाधीशांच्या जागी तुम्ही असतात तर?" शमिकाने आपलं सहज विचारलं.

आप्पा हसले. "त्यांना अक्कल नव्हती. सह्या केल्या म्हणून सापडले. मानसानं निकाल आपल्या तोंडानं द्यावाच कशाला? देवाच्या तोंडानं द्यावा."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? पाडायचा कळा कोरडा ठेवायचा, दुसऱ्याला पानी जास्त लावायचा. सुका तो आधी पडतो. मानकरी सांजच्याला घरी येऊन सांगून जातात, कुठला पाडायचा तो. आपला बाप पन असंच करी. गाव एक ऱ्हातो त्यानं."

हे सगळं त्यांनी आंब्याला कलम कसं बांधायचं ते सांगावं तितक्या मायेने सांगितलं.  शमिकाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग वाटलं, ते थट्टा करतायत. पण आप्पा थट्टा करत नव्हते.

"ईशाच्या आज्याचा कळा... तोही?"

"तर काय! आता वकील झालीस, गावात ऱ्हायचा कसा ता पन शिक."

 हाच माणूस सकाळी पडद्याकडे बोट नाचवत होता! आणि ह्याच कौलाच्या भरवशावर तिने एका पोरीला दोनदा दारातून परत पाठवलं होतं.  शमिकाने आप्पांच्या मनगटाला धरलं आणि त्यांना रस्त्यापलीकडे ओढत नेलं.

"अगो, दंड होईल! सोड!" आप्पा ओरडत होते.

"ईशा," शमिका धापा टाकत म्हणाली, "तुझी केस मी घेतली. साक्षीदार मिळाला."

"कोण?"

शमिकाने बापाकडे बोट दाखवलं. आप्पा पांढरेफटक पडले.

"आनि मी नाय बोललो तर?"

"तर तुम्ही आरोपी. वकील दुसरा शोधा, मी मिळायची नाही."

आप्पांनी इकडेतिकडे पाहिलं. ओळखीचं कुणी नव्हतं. मग खालच्या आवाजात, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, ते ईशाशी बोलले. "बाय, तुझा आजा गेला त्या दिवशी मी जेवलो नाय गो. दार लावून रडलो."

ईशाने हातातला ऊस खाली ठेवला.

"रडायला आम्ही होतो, आप्पा. आम्हाला खांदा कमी पडत होता. घरात माणसं तीन. तिघांना तिरडी उचलेना, म्हणून आज्याला टेंपोत घालून नेला."

आप्पा दुकानातल्या बाकावर बसले. वाडीची वडाप आली, दोनदा हॉर्न वाजवला आणि त्यांना न घेताच निघून गेली.