काकूंनी एकदाच भरली

मी स्टीलची डबी बोलतेय. मुठीत झाकून जाईन एवढीच आहे मी. आता रिकामी आहे. मला राखेनं घासलं, लिंबानं घासलं, उन्हात पालथी घातली, तरी आतला वास काही गेला नाही. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला मला अजून एक चेहरा दिसतो. तो मेलेल्या माणसाचा नाही बरं का. ती बाई इंदापुरात चांगली हिंडतेफिरतेय. भुतं काय फक्त मेलेल्यांचीच असतात?

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. डोळे उघडले तेव्हा बारामतीच्या एका भांड्यांच्या दुकानात छत्तीस बहिणींसोबत खोक्यात पडून होते. संक्रांतीच्या वाणासाठी काटेवाडीच्या एका बाईंनी आम्हा सगळ्यांना उचललं, आणि हळदीकुंकवाला मी अनिताच्या पदरात पडले.

अनिता म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवणारी बाई. तोंडाची फटकळ, पण हाताची फार हलकी. तिला स्वतःला पस्तिशीत हनुवटीवर मुरूम यायचे, त्यामुळे दुसऱ्याच्या चेहऱ्याकडं ती कधी नाक मुरडून बघत नसे. माझ्यात ती साधी, बिनवासाची क्रीम भरायची. गिऱ्हाईक बायकांना तेवढीच बोटभर वापरून बघायला.

फेब्रुवारीत तिची मावसबहीण स्वरूपा आली. चौतीस वर्षांची. इंदापूरला स्टँडच्या मागं राहायची, आणि काम काय, तर लग्नात माईकवर बोलायचं! आमच्याकडं अक्षता पडायच्या आधी पाहुण्यांची नावं घेऊन स्वागत करावं लागतं. सरपंच, चेअरमन, आजी, माजी, एकाचं नाव राहिलं की तो जेवायला बसत नाही. स्वरूपा ते असं गोड म्हणायची की दोन तालुक्यांत तिला सुपारी असायची. पण त्या दिवशी तोंडाला ओढणी बांधून आली होती.

"ताई, बघ की गं. आता हे काय वय हाय का?" ओढणी सोडत ती म्हणाली. हनुवटीवर, जबड्याच्या कडेनं लाल गाठी, आणि जुन्यांचे काळे डाग.

"लोक म्हणत्यात तारुण्यपीटिका. तारुण्य चाललं निघून, पीटिका मागं ठेवून," अनिता हसली. मग तिनं दिव्याखाली तिचा चेहरा नीट पाहिला. "काय काय लावलंस?"

"लिंबू. टूथपेस्ट. बेसन घासून घासून..."

"घास अजून! ताट हाय का ते? चेहरा दिवसातनं दोनदा धुवायचा, साध्या फेसवॉशनं, आणि टिपायचा. पुसायचा न्हाय. कातडी ओली असतानाच ही क्रीम लावायची पातळ. बाहेर पडताना सनस्क्रीन, ढग असलं तरी. आणि फोडायचं न्हाय काही. हात मागं बांधून बस, पण फोडू नको."

"आणि कार्यक्रमात? असंच तोंड घेऊन उभी ऱ्हाऊ?"

"मेकअप कर की. पण थापू नको. जिथं डाग हाय तिथंच कन्सीलर, करंगळीशेजारच्या बोटानं टेकवून टेकवून. बाकी कातडीला श्वास घेऊ दे. ब्रश दर आठवड्याला धू. आणि कार्यक्रम संपला की आधी तोंड धुवायचं, मग जेवायचं."

"मग कधी जाईल हे?"

"दोन महिनं तरी धर."

"दोन महिनं! ताई, लगीनसराई हाय."

अनितानं मला काठोकाठ भरून तिच्या पर्समध्ये ठेवलं. "न्हाय फरक पडला तर बारामतीला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं जाऊ. पण घाई करू नको."

तीन आठवडे स्वरूपानं सगळं इमानेइतबारे केलं. गाठी जरा बसल्या होत्या, खरंच बसल्या होत्या. मी रोज सकाळी तिचा चेहरा झाकणात बघायची ना! पण तिला तेवढ्यानं समाधान नव्हतं.

तिच्या शेजारी धोंडाबाई काकू राहायच्या. एकट्याच. सत्तरीला आलेल्या, पण गल्लीतलं प्रत्येक पोर त्यांच्या हातचं तेल लावून वाढलेलं. त्या सालच्या वाऱ्यानं त्यांचे गाल उलले होते. स्वरूपानं मला तशीच त्यांच्या हातात दिली. "लावा काकू, थोडीच ऱ्हायलीय."

काकूंनी ती दोन दिवसांत संपवली. आणि मग पडला प्रश्न. आपल्याकडं शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. लोणच्याची वाटी आली तर साखर घालून जाते, कालवणाचं पातेलं आलं तर दोन भाकरी ठेवून जातं. पण क्रीमच्या डबीत साखर कशी घालायची?

काकू मला हातात घेऊन बराच वेळ बसल्या. मग उठल्या आणि फडताळातून एक ट्यूब काढली. हाताला गजकर्ण झालं होतं तेव्हा मेडिकलवाल्यानं दिलेली. तीन दिवसांत खाज गेली होती आणि तिथली कातडी गोरीपान झाली होती. काकूंच्या घरात तेवढी एकच गुणाची वस्तू होती. ती त्यांनी पिळून पिळून माझ्यात भरली, काठ बोटानं निपटला, आणि मला पदराखाली घेऊन शेजारी गेल्या.

"घे गं बाय तुझी डबी."

"अगं बाई, काकू, तुमी लावलीच न्हाय व्हय?" स्वरूपा घाईत होती, केस विंचरत होती.

"लावली की. पर रिकामी कशी देऊ? चांगलं मलम घातलंय. गुणाचं हाय."

स्वरूपानं नीट ऐकलंसुद्धा नाही. वास वेगळा होता, मला कळत होतं. पण डबीला ओरडता येतं का? तिनं बोट बुडवलं आणि तोंडभर लावलं.

चौथ्या दिवशी चेहरा लख्ख! गाठी नाहीत, लाली नाही, डागसुद्धा फिके. नवरा, ज्ञानेश, म्हणाला, "आता लाईट गेली तरी मांडवात उजेड पडंल." बायका फोन करून विचारायला लागल्या. तेव्हा कुठं स्वरूपाला काकूंचं बोलणं आठवलं, आणि ती धावत शेजारी गेली. काकूंनी कौतुकानं रिकामी ट्यूब दाखवली.

ट्यूबवर काय लिहिलं होतं ते स्वरूपानं वाचलं. दोनदा वाचलं. ही खाजेची आहे, डॉक्टरला विचारल्याशिवाय वापरू नये, हे तिला तिथंच समजलं. अनिताला फोन लावायला तिनं मोबाईल काढलासुद्धा. मग परत पर्समध्ये टाकला. ताई ओरडेल. आणि चेहरा तर एवढा छान झालाय.

संध्याकाळी ती स्वतः मेडिकलमध्ये गेली. काकूंनी मला एकदाच भरली होती, हे नीट ध्यानात ठेवा. त्यानंतर चार वेळा स्वरूपानं भरली. दार लावून, आरशाकडं पाठ करून, माझ्यात ट्यूब पिळायची. हे तिच्याखेरीज फक्त मला माहीत आहे, आणि तेच माझ्या मानगुटीवर बसलंय.

एप्रिलच्या शेवटाला गालावर बारीक लव उगवली. कातडी अशी पातळ झाली की खालच्या लाल रेघा दिसायच्या. ऊन लागलं की आग व्हायची. एक दिवस लावलं नाही, तर दुसऱ्या दिवशी पहिल्याच्या दुप्पट पुरळ. मग परत बोट माझ्यात. वरून मेकअपचा थर. कुठलं टेकवणं आणि कुठलं काय! सिमेंट थापावं तसं थापायची. तिचं बोट माझ्यापाशी येऊन थांबायचं, आणि मग परत बुडायचं. बाई घाबरली होती, आणि थांबायलाही घाबरत होती.

मे महिन्यात नरसिंहपूरला लग्न होतं. दुपारचा मुहूर्त, संगमावरनं गरम वारा, पत्र्याचा मांडव. मी तिच्या पर्समध्ये, खुर्चीवर. घामानं मेकअप ओघळायला लागला होता. पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. तेवढ्यात कुणीतरी मुहूर्ताआधीच अक्षता उधळल्या. चार दाणे स्वरूपाच्या गालावर लागले.

तांदळाचे दाणे हो. आणि ती माईकवर "आई गं!" म्हणून किंचाळली.

 तिनं गालाला हात लावला तर हाताला मेकअप आणि पाणी. माजी चेअरमनांचं नाव अर्ध्यावर टाकून ती मांडवाबाहेर पळाली. त्यानंतर सहा महिने तिनं माईक हातात धरला नाही.

हे कानावर येताच अनितानं तिला फरफटत बारामतीला नेलं आणि मला डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवलं. बाईंनी वास घेतला आणि डोळे मिटले. "स्टेरॉइडचं मलम. हे तोंडाला लावून आठवड्याला अशा दोन-तीन येतात माझ्याकडे. कुणी दिलं हे?"

"शेजारच्या काकूंनी," स्वरूपा म्हणाली.

"आणि किती दिवस लावलंत?"

स्वरूपानं ओढणी परत तोंडावर ओढली. "त्यांनी डबी भरून दिली होती," एवढंच म्हणाली.

त्यात खोटं काहीच नव्हतं. पण मला वाटलं, आत्ता ही पुढचं बोलेल. नाही बोलली. डॉक्टरीणबाईंनी हळूहळू सोडवायचं औषध लिहून दिलं. साधा फेसवॉश, साधी क्रीम, सनस्क्रीन, मेकअप पूर्ण बंद. "आधी बिघडल्यासारखं वाटेल, पण परत त्याच्याकडे जायचं नाही," असं तीनतीनदा सांगितलं.

अनिता संतापानं लाल झाली होती. तशीच इंदापूरला आली, काकूंच्या उंबऱ्यावर मला आपटलं आणि गल्ली ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "ही घ्या तुमची डबी! पोरीचं तोंड जाळलं तुमी!"

स्वरूपा मागं उभी होती. तोंडाला ओढणी बांधून. तेव्हाही ती काही बोलली नाही.

काकू कुणाला उलटून बोलल्या नाहीत. खरंच मीच केलं, असं धरून बसल्या. गल्लीत कुजबुज झाली, मग कुजबुजीची सवय झाली. पलीकडच्या मोनाचं बाळ तीन महिन्यांचं. काकू नेहमीसारख्या त्याचा गाल कुरवाळायला वाकल्या, तर मोनानं बाळ उचलून घेतलं. "नगं काकू. त्याची कातडी नाजूक हाय."

काकूंचा हात तसाच हवेत राहिला. त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्या लेकराला हात लावलेला नाही. शेजारी काही पाठवायचं सोडलं. स्वतःच्या हाताकडं बघत बसतात आणि पदराखाली घेतात.

दिवाळीनंतर स्वरूपाचा चेहरा सावरला. डाग आहेत, पण आग गेली. तुळशीचं लग्न झाल्यावर तिनं पहिला कार्यक्रम घेतला, इथंच हायवेवरच्या कार्यालयात. तिचा आवाज स्पीकरवरनं काकूंच्या घरात आला. काकू दाराशी उभ्या राहून शेवटपर्यंत ऐकत होत्या.

दुपारी ती सरळ काकूंकडं आली. सहा महिन्यांनी पहिल्यांदा. हलका मेकअप, डागांवर तेवढा टेकवलेला. ती काकूंच्या पुढ्यात खाली बसली.

"काकू, माझं तोंड तुमीच पुसा."

"माझा हात नगं गं. माझा हात वंगाळ हाय."

"पुसा म्हणते ना. मऊ फडकं घ्या. घासू नका, टिपा."

काकूंनी धुतलेलं जुनं लुगड्याचं फडकं कोमट पाण्यात भिजवलं. एवढ्या हलक्या हातानं टिपलं की फडकं टेकतंय की नाही कळत नव्हतं. मेकअप उतरला आणि खालचे डाग उघडे पडले. काकूंच्या डोळ्यांना धार लागली.

"डाग ऱ्हायलं गं पोरी. माझ्यामुळं."

स्वरूपाचं तोंड उघडलं. मी कोनाड्यातून बघत होते. बोल, म्हटलं, आता बोल! 

"दुखत न्हाईत काकू आता," ती म्हणाली. उठली, आणि गेली.

ती गेल्यावर काकूंनी मला उघडून नाकाशी धरलं. रोज धरतात. आणि रोजच्यासारखंच हळू आवाजात म्हणाल्या, "तुझ्यात व्हतं, पर घातलं मी."

नाही हो काकू! पण माझं त्यांना ऐकू जात नाही.

स्वरूपा, मला तुझा राग नाही. घाबरलेलं माणूस काय काय करतं, ते मी तुझ्या बोटात पाहिलंय. पण तुझा आवाज हजार माणसांच्या मांडवात शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचतो. काकूंचं दार तुझ्या दारापासून चार पावलांवर आहे. त्या आता थकल्यात, उंबरा ओलांडताना भिंत धरतात. फार दिवस हातात नाहीत, बाई. ये, त्यांच्यापुढं बस, आणि सांग त्यांना, त्यानंतर चार वेळा मी भरली होती म्हणून.