मागची दारं

चिमटा लाकडी होता, कपडे वाळत घालायचा, उन्हापावसानं राखाडी पडलेला, आणि त्याची तार एका बाजूनं गंजली होती – शाळावाटपाच्या कार्यालयात येणाऱ्या कागदांना टाचणी असते, फार तर चिकटपट्टी असते, पण तीन पानी अर्जाला कपड्यांचा चिमटा लावून कुणी पाठवल्याचं डेल्फीन मॅकनेअरनं सोळा वर्षांत पाहिलं नव्हतं. वर ‘पेटिफर्ड लेन’ एवढंच लिहिलेलं. खाली सव्वीस सह्या. आमची गल्ली मधोमध का कापलीत, हा एकच प्रश्न... तिनं चिमटा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मधोमध? दुसरं कुणी कापेल, पण मी?

“या नावाचा रस्ताच नाही नकाशात,” समोरच्या टेबलावरून केंट म्हणाला. तिनं काढलेल्या हद्दी संगणकावर रंगवायचं काम त्याचं. “सह्या बघ, निम्मे पत्ते मिल स्ट्रीटचे, निम्मे डेपो स्ट्रीटचे. आणि हे म्हणजे वरातीमागून घोडं. आज सहाला शाळा मंडळ नकाशावर मत देणार, आणि यांना आज जाग आली.”

“त्या भागातून हरकती किती होत्या?”

“शून्य. चौदा महिन्यांत शून्य. सगळा जिल्हा असा असता तर मी तुला रोज जेवायला घातलं असतं.”

चौदा महिने. तंबाखूच्या शेतांत घरं उगवत होती, आठवड्याला साठ कुटुंबं कुठून कुठून येऊन राहत होती, जुन्या शाळेच्या मैदानात चाकांवरच्या नऊ खोल्यांत वर्ग भरत होते आणि पोरांना पळायला जागा उरली नव्हती. महामार्गापलीकडे नवी शाळा बांधून तयार होती, सहाशे वीस जागांची, आणि त्या जागा कुणी भरायच्या हे डेल्फीननं सुचवायचं. सुनावण्यांना नव्या वसाहतींतले लोक यायचे, एक वसाहत झाडून हिरव्या टी-शर्टात, दुसरी नारिंगी – आमची पोरं हलवू नका, शेजारच्यांची हलवा. नवी शाळा सगळ्यांना हवी होती, शाळा बदलायला कुणालाच नको होती. घसा फोडून सांगितलं, पालथ्या घड्यावर पाणी. एका बाईनं तर सरळ विचारलं, तुम्हाला मुलं आहेत का? नाहीत. म्हणून काय मी कधी मूल नव्हते?

होते ना... तिसरीत. टिल्डन स्ट्रीटच्या या बाजूला आमचं घर, समोर रोझलिनचं, मधे चार ढांगांचं डांबर. त्या वर्षी गोऱ्या-काळ्या पोरांना एकत्र बसवायचं म्हणून जिल्ह्यानं सगळा नकाशा नव्यानं मांडला आणि कुणीतरी त्या डांबरावरून रेघ ओढली. सकाळी ती त्या कडेला उभी, मी या कडेला, दोघींच्या बस दोन दिशांना. पहिले काही दिवस आम्ही हात हलवायचो. ख्रिसमसपर्यंत तिला दुसरी मैत्रीण मिळाली होती. आई म्हणायची, पुढच्या बाकावर बस आणि अभ्यास कर, रडून रेघ पुसली जात नाही. पण मला ती रेघ ओढणारा, कधी न पाहिलेला माणूस दिसायचा – जाड मान, तोंडात चिरूट, हातात लाकडी पट्टी, खिडकीबाहेर एकदाही न बघणारा. परीक्षेत, नोकरीच्या मुलाखतीत, कुठंही धीर सुटायला लागला की मी त्याला समोर आणायची आणि चिडायची, आणि काम व्हायचं.

म्हणून तर या खुर्चीत बसल्या दिवशी तिनं नियम केला होता, समोरासमोरची दारं तोडायची नाहीत. रेघ न्यायची ती परसांमागून, जिथं एका घराची पाठ दुसऱ्या घराच्या पाठीला लागते. केंट हसायचा, पण नियम कार्यालयाच्या पुस्तिकेत गेला. मिल स्ट्रीट अख्खा नव्या शाळेला, डेपो स्ट्रीट अख्खा जुन्या शाळेला. इतकं सरळ. मग मधोमध काय कापलं?

दुपारच्या सुट्टीत ती गाडी काढून गेली. मिल स्ट्रीटवर चिटपाखरू नव्हतं. गिरणी कामगारांसाठी बांधलेली ती जुनी घरं दारं लावून बसलेली, आणि दारांच्या मुठींना अडकवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या... सुनावणीच्या सूचना, तिच्याच कार्यालयाच्या, मार्चमधल्या, पावसानं फुगून पांढऱ्या पडलेल्या. एकीलाही कुणी हात लावला नव्हता. दोन घरांमधल्या बोळातून ती मागं गेली.

मागं गल्ली होती, नकाशात नसलेली पेटिफर्ड लेन. मातीची, दोन्हीकडून स्वयंपाकघरांची दारं उघडी, या परसातल्या खांबापासून त्या परसातल्या खांबापर्यंत वाळत घातलेली चादर, आडव्या पडलेल्या सायकली, कुठल्याही घराच्या म्हणता येणार नाहीत अशा खुर्च्या. एका पायरीवर म्हातारी शेंगा सोलत होती.

“चिमटा परत द्यायला आलीस का, पोरी?”

डेल्फीनच्या हातात तो होताच. “अर्जावर पहिली सही तुमची ना? तुम्ही मिस ओफीलिया गॅटलिंग?”

“एकाहत्तर वर्षं झाली. बस. नुसती बसू नको, शेंगा घे.”

ती बसली. “मिस ओफीलिया, आम्ही सूचना लावल्या होत्या. प्रत्येक दाराला.”

“कुठल्या दाराला?”

“पुढच्या.”

म्हातारी हसली, ओच्यातल्या शेंगा हलेपर्यंत. “पुढच्या दाराला कोण जातं, बाळ? पाद्री येतो तेव्हा, नाहीतर प्रेत निघतं तेव्हा. यंदा कुणी गेलं नाही, आणि तो मेला पाद्री बोलावल्याशिवाय येत नाही.” मग हसू थांबलं. “आम्हाला शाळेतल्या बाईंनी पोरांना सांगितलं तेव्हा कळलं. दोन्हीकडची चौतीस पोरं अडीचला सुटतात, आणि आया कोंबड्यांच्या कारखान्यातून सुटेपर्यंत, सहापर्यंत, या पायरीवर असतात. आता त्या बाजूच्या एकोणीस जणांची नव्या शाळेची बस सव्वाचारला येणार, ती पण मिल स्ट्रीटवर, पुढच्या अंगाला. मी इकडं बघू की तिकडं? दोन गुडघे आहेत, दोन्ही गेलेले. आणि ती समोरची ट्विला आणि आमची जोनेल, झोपण्यापुरत्या वेगळ्या होतात गं त्या. काढलं तरी कुणी हे? कधी येऊन बघून गेलाय का तो?”

“आला होता,” डेल्फीन शेंगेकडे बघत म्हणाली. दोनदा. गाडीतून, पुढच्या रस्त्यानं, खिडकीची काच खाली करून. मी आहे तो, एवढं म्हणायचं होतं. तिनं आणखी एक शेंग सोलली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.

परत आल्यावर केंटनं दोन मिनिटांत आकडे काढले. “मिल स्ट्रीटची एकोणीस पोरं जुन्या शाळेत ठेवलीस तर चाकांवरची दहावी खोली आणावी लागेल. डेपो स्ट्रीटची पंधरा नव्या शाळेत टाकलीस तर हिरव्या टी-शर्टातली पंधरा बाहेर. आणि अर्ज मुदतीनंतर आलाय, डेल्फीन. धरायला नको. हॅलोवे काय म्हणतो आठव.”

मंडळाचे अध्यक्ष हॅलोवे म्हणत की एक घर हलवलं तर अख्खा नकाशा उघडेल आणि नवी शाळा वर्षभर रिकामी राहील. तिला पाठ होतं. ते वाक्य तिनंच त्यांना लिहून दिलं होतं.

दुपारभर ती चिडत राहिली... केंटवर, त्याच्या बरोबर आलेल्या बेरजेवर, त्या म्हातारीवर सुद्धा – दार असतं ना घराला, मग ते उघडायला काय होतं? आणि पुस्तिकेवर, जिच्यात तिच्या नियमाखाली तिची सही होती.

सहाला सभागृह भरलं. डावीकडे हिरवे, उजवीकडे नारिंगी. पेटिफर्ड लेनचं कुणी नव्हतं. त्यांची कारखान्यातली पाळी आत्ता कुठं सुटत होती. हॅलोवे नकाशातला एकेक पट्टा वाचत गेले, केंट हरकतींचे आकडे पुढं सरकवत गेला, आणि मग मिल आणि डेपो स्ट्रीटचा पट्टा आला.

“हरकती, मिस मॅकनेअर?”

कागदावर शून्य होतं. अर्ज खाली होता, चिमटा लावलेला. तिला धीर हवा होता, म्हणून सवयीनं तिनं त्या जाड मानेच्या माणसाला हाक मारली. त्याचाही एखादा नियम असेल, असं मधेच मनात आलं... तो परसांत वाढलेला असेल, कुणाचं परस तोडायचं नाही असं त्यानं ठरवलं असेल, आणि म्हणून रेघ समोरच्या डांबरावर आणून ठेवली असेल, निर्धास्तपणे.

“मिस मॅकनेअर?”

ती त्याला शोधत राहिली. चाळीस वर्षं तो हाकेसरशी यायचा. आज आला नाही; त्याच्या जागेवर तीच बसली होती.