साफ आवाजाची मशीन

चांगली वस्तू समोर ठेवावी अन् गिऱ्हाईकानं भिकार वस्तूच मागावी, असं झालं की माझं डोकंच फिरतं. आपण जीव टाकून करायचं अन् यांनी नाक मुरडायचं! दोन हजार सहा सालची गोष्ट. परतूरला स्टेशनच्या रस्त्यावर माझं नेट कॅफे होतं. कॅफे कसलं, बोळ म्हणा. आत एक जुना कॉम्प्युटर, त्याच्याशेजारी दुसरा बसंल एवढी जागा, अन् दाराशी खुर्ची टाकून मी, नंदा.

दुसरा कॉम्प्युटर घ्यायचा ठरला तवा मी माझ्या मावसभावाला, कारभारीला, जालन्याहून बोलावलं. मशीन जोडून द्यायचा धंदा त्याचा. मोठा डबा माझ्या टेबलाखाली मावत नव्हता, म्हणून लहान मदरबोर्डचीच मशीन पाहिजे होती. मदरबोर्ड म्हणजे डब्यातली मुख्य पाटी, सगळ्या वायरी तिलाच येऊन मिळतात. अन् लहान डब्यात आवाजाचं वेगळं कार्ड बसवायला जागा न्हाई. मंग पाटीवर जसा आवाज देलाय तसाच पदरात घ्यायचा.

कारभारीनं दोन बोर्ड आणले अन् टेबलावर उघडेच जोडून दाखवले. एकाला यूएसबीची भोकं चिक्कार, पण आवाजाची तीनच. दुसऱ्याला यूएसबी कमी, आवाजाची भोकं दुप्पट.

"ताई, पोरं पेन ड्राइव्ह घेऊन येतेत. पहिला घे," कारभारी म्हणला.

"थांब, मला ऐकू दे."

हेडफोन घातला. पहिल्या बोर्डात माऊस हलवला की कानात किर्र. पान खाली सरकवलं की कर्र. माईकमधून तर डब्यातला पंखाच घुमत होता. दुसऱ्यात मात्र काहीच न्हाई. गावाबाहेरच्या वावरात उभं राहावं तशी शांतता. मी कारभारीला माईकपाशी बसवलं.

"अगं बाई! तू श्वास घेतलेला बी ऐकू येऊन राह्यला रे!"

"मंग? मी काय मेलेलो हाय का?"

माझी निम्मी गिऱ्हाइकं परदेशात गेलेल्या माणसांशी बोलायला यायची. दुसराच घेतला मी. वर कारभारीला सांगितलं, हेडफोन डब्याच्या मागच्या भोकातच लाव, पुढच्या भोकाची वायर पंख्याजवळून जाते. "लई शहाणी झालीस," म्हणला, पण लावला.

त्या मशीनवर पहिला मान मी सरदारबीला द्यायचं ठरवलं. सरदारबी माझ्या आईच्या वयाच्या. जिनिंगमधी कापसाच्या धुराळ्यात त्यांची उमर गेलेली. एकुलता एक पोरगा, बदरोद्दीन, सौदीत दम्मामला होता. एसीच्या हापिसात कागदाचं काम हाय म्हणून सांगायचा. दर शुक्रवारी त्याला सुट्टी, अन् दर शुक्रवारी सरदारबी माझ्या दुकानात. जुन्या मशीनच्या खरखरीत त्यांना "हॅलो, हॅलो" करून ओरडावं लागायचं. माझा जीव तुटायचा.

तर त्यांना मोठ्या थाटात नव्या मशीनवर बसवलं. जरा वेळ बोलल्या असतील, तोच हेडफोन एकदम कानावरनं ओढला. "वायर निकल गई, बेटा," असं माईकमधी म्हणाल्या. वायर तर जाग्यावरच होती. मंग माझ्याकडं वळून म्हणल्या, "नंदा, मला जुनीच दे."

माझं टाळकं सरकलं. "सरदारबी, अहो, हौसेनं आणली तुमच्यासाठी! त्या डबड्यात काय सोनं लागलंय?"

त्यांनी पदर तोंडाशी धरला. "त्यो म्हणला, अम्मी, ये सीटी कायकी बज री?"

अन् त्यांनी छातीवर हात ठेवला. तवा मला ऐकू आलं. इतके शुक्रवार ही बाई माझ्या शेजारी बसत होती, अन् श्वास आत घेतला की तिच्या छातीत बारीक शिट्टी वाजती हे माझ्या ध्यानातच न्हाई. लाज वाटली मला.

"दवाखाना?"

"चालू हाय. डागदरनं वढायचा पंप देलाय. पण पोराला कळू द्यायचं न्हाई. बापाच्या आजारपणाच्या येळी पुण्याचं चांगलं काम सोडून पळत आल्ता. बाप बी गेला अन् काम बी गेलं. आता पुन्हा तेच करंल त्यो, मी वळखते त्याला. जुन्या मशीनमधी खरखर हाय, त्यात माझी शिट्टी झाकून जाती. त्याला वाटतं, अम्मी बराबर हाय."

करायला गेले एक अन् झालं भलतंच. त्या दिवसापासनं शुक्रवारी जुनी मशीन सरदारबीची. कालेजातलं एखादं पोरगं तिथं बसलेलं असलं तर मी सरळ उठवायची. "नवी सोडून जुनीवर कामून बसवती बाई या म्हातारीला?" असं ते पुटपुटायचं. पुटपुट म्हणलं.

उन्हाळ्यात जुनी मशीन बसली. कारभारीनं डबा उघडून पाह्यला. बोर्डावरच्या बारक्या बारक्या डब्या फुगून वर आल्त्या. "संपली ही," म्हणला. शुक्रवार तोंडावर आल्ता, अन् फोन केला न्हाई तरी बदरू घाबरणारच.

मंग मीच डोकं लढवलं. नव्या मशीनच्या हेडफोनची माईकची दांडी वाकवून पार कपाळावर नेली. "सरदारबी, तुम्ही एक एक वाक्य बोला. बोलून झालं की मी माईक मुठीत धरते. मंग घ्या श्वास खुशाल."

"अल्ला, हे काय नाटक!" म्हणून त्या हसल्या. हसतानाही शिट्टी वाजली.

फोन लागला. मी खुर्चीमागं उभी.

"मैं अच्छी हूं बेटा." मूठ बंद. श्वास. मूठ उघड. "हौ, खाना खाई." मूठ बंद.

लई नामी चाललं होतं. पलीकडून काही शंका आलेली दिसंना, अन् मी मनातल्या मनात माझीच पाठ थोपटत होते. तेवढ्यात सरदारबी बोलायच्याच थांबल्या. मला वाटलं, दम लागला. मी माईक घट्ट आवळून धरला. "पंप देऊ का?" म्हणले.

त्यांनी मानेनंच नको म्हणलं. डोळे मिटलेले. एका कानावरनं हेडफोन सरकवून त्यांनी माझा कान तिथं ओढून घेतला.

बदरू बोलत होता. ईदला काय धाडू, शेजारची गौहर कशी हाय, असंच. पण प्रत्येक वाक्याच्या आधी एक बारीक आवाज येत होता. शिट्टी. तीच. आईची छाती माझ्या खांद्याला लागलेली, इकडं ती वाजत होती अन् कानात पोराची.

आपला आवाज तिकडं जाऊ नये म्हणून आम्ही एवढी नाटकं केली, पण तिकडचा आवाज बी आता साफ इकडं येणार, हे आम्हा दोघींच्या टाळक्यात आलंच न्हाई.

"एसीच्या हापिसात ही शिट्टी न्हाई लागत, नंदा," सरदारबी हळू म्हणल्या. "धूळ खाल्ल्याशिवाय न्हाई लागत ही."

त्यांनी माझी मूठ सोडवली. कपाळावरची दांडी खाली ओढली, पार ओठापाशी आणली, अन् चांगला लांब श्वास घेतला. मुद्दाम. शिट्टी पुऱ्या बोळात ऐकू आली.

"सुन लिया?" त्या म्हणाल्या. "मेरी भी बजती. झूट बोली मैं. अब तू बोल. क्या काम करता तू?"

पलीकडं ती शिट्टी एकदा वाजली. मंग बदरू म्हणला, "सिमेंट की बोरियां भरता, अम्मी."

"कब से?"

"पैलेच दिन से."

सरदारबीचा चेहरा पाहवंना मला. हेडफोन अजून माझ्याही कानाला होता, तो काढायचं भान मला न्हाई. पोरगं घाईघाईनं समजावत राह्यलं. करार पुरा करतो, अम्मी, मंग येतो, मधीच सोडलं तर पुन्हा घेणार न्हाईत, तुम्हीच म्हणत होत्या ना, इथं तरी टिकून ऱ्हा म्हणून. बोलता बोलता त्याला दम लागला. दम लागल्यावर ती शिट्टी अजूनच मोठी झाली, अन् त्याला ती थांबवता येईना.

त्या थांबल्या तो श्वास पुरा होईपर्यंत. मंग म्हणल्या, "आजा."

"अम्मी..."

"कुछ नक्को बोलू. आजा, बेटा. जैसा है वैसा आजा."