पिंजराची राख

ख्वाजानं मोटारीखाली उताणं पडून शेवटचा बोल्ट सोडला आणि इंजिनाखालची तेलाची परात अलगद पोटावर घेतली. तेल काळं, गुळवणीपेक्षा घट्ट. दोन बोटांत चोळलं तर कचकच लागलं.

वर हात घालून त्यानं शाफ्ट चाचपला. सगळ्या इंजिनाची ताकद ह्याच दांड्यावर फिरते. तो आरशासारखा गुळगुळीत पाहिजे, पण नखाला चरेच चरे लागले. गेल्या महिन्यात त्यानं स्वतः बेरिंगात ओतलेलं शिसं पार खरवडून गेलं होतं. तेल उडवणाऱ्या पळ्या गाळात रुतल्या होत्या. नवा शाफ्ट विलायतेहून यायचा, आणि तिकडं लढाई. बोटी येत नव्हत्या.

मोटार सुरू झाली असती तर तिचे मालक हंबीरराव सरकार कोल्हापूर दरबारच्या मोटारखान्यात त्याच्या नोकरीसाठी शब्द टाकणार होते. तसं कबूलच केलं होतं त्यांनी.

तो सरकत बाहेर आला. ड्रायव्हर पिराजी चाकापाशी उकिडवा बसला होता.

"पिराजी, तेलात काय घातलंस?"

"एरंडेल. विलायती तेल मिळतंय कुठं आता?"

"आन?"

"भाताच्या पिंजराची राख. वाळलं काड जाळून, वस्त्रगाळ केलेली. बैलगाडीच्या आसाला आमी तेच घालतोय की, आज्ज्यापास्नं. लई खडखडत हुती मिस्त्री, राख घातल्यावर गप झाली बघा."

ख्वाजानं कपाळाला हात लावला. कपाळ काळं झालं.

तेवढ्यात हंबीरराव आले. काठीनं परात ढोसून बघितली.

"काय रं ख्वाजा, कवा सुरू हुतीया?"

"न्हाय व्हायची, सरकार. शाफ्ट गेला. तेलात राख हाय."

"राख?"

पिराजी उठला. मुंडासं काढून हातात घेतलं.

"मी घातली, सरकार. चुकलो."

हंबीररावांनी त्याच्याकडं बघितलं आणि मोठ्यानं हसले.

"बघ ख्वाजा, तुझं पाप अंगावर घ्यायला निघालाय ह्यो! ह्येच्या आज्ज्यानं आमच्या गाड्या हाकल्या. राखेनं आस झिजल्याला कोल्हापुरात कुणी बघितलाय? इंजिन खोललं कुणी?"

"मीच. पर सरकार..."

"शिसं कुणी वतलं?"

"मीच."

"मग? माणूस कसा असावा, शिक जरा ह्येच्याकडनं."

हंबीरराव दारापर्यंत गेले आणि मान न वळवता म्हणाले, "मोटारखान्याचं आता काडू नगंस."

ते गेल्यावर पिराजीनं मुंडासं डोक्यावर ठेवलं, नीट बसवलं. त्याच्या तोंडावर हळूहळू रंग आला.

"मिस्त्री," त्यानं दबकत विचारलं, "म्हंजे राखेनं न्हाय झालं, म्हणा की?"

ख्वाजा बोल्ट गोळा करत होता.

"न्हाय," तो म्हणाला. "ये, परातीला हात लाव."