वीस मिनिटं पुढे

मी या घराच्या जेवणघरातलं भिंतीवरचं घड्याळ बोलतोय. ताटाएवढं तोंड, ठसठशीत आकडे आणि तेवीस वर्षं एकाच खिळ्यावर. एवढं ऐकून माणसं अदब दाखवतात, म्हणून उरलेलंही सांगून टाकतो. त्यातली बावीस वर्षं मी वीस मिनिटं पुढे होतो.

दोष माझा नव्हे. घरातले कर्ते आबा एकदा मुलाखतीला उशिरा पोचले आणि हातातोंडाशी आलेली नोकरी गेली. घरी येऊन त्यांनी स्टूल ओढलं नि माझे काटे पुढे सरकवले. आता या घरात कोणाला उशीर होणार नाही, म्हणाले. आबांचा शब्द तो घराचा शब्द.

पण माणसं हिशेबी. आबा सोडून सगळे मनातल्या मनात वजाबाकी करायचे. आई पंधरा मिनिटं वजा करत, थोरला मुलगा दहा, धाकटी लेक चक्क पंचवीस. मग कोणी दारात ताटकळायचं, कोणी धापा टाकत पळायचं. तरी दिवसातून शंभरदा माना वर व्हायच्या, त्या माझ्याकडेच. मला आणखी काय हवं होतं?

मग थोरल्याचं लग्न झालं आणि सुनेबरोबर तिच्या मनगटावरचं ते आलं. बोराएवढं तोंड, पट्टा झिजलेला. घड्याळ म्हणवून घ्यायलाही धाडस लागतं!

पहिल्याच सकाळी आईंनी वेळ विचारली. सगळ्यांनी माना वर केल्या. सुनेने खाली घातली. "सात दहा," म्हणाली.

"सूनबाई, या घरात साडेसात वाजलेत," आबा हसत म्हणाले.

ती बरं म्हणाली आणि भाजी चिरू लागली. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर पुन्हा तिची तीच तऱ्हा. वाद नाही, टोमणा नाही, माघारही नाही. मी म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. दहावा उजाडला, विसावा उजाडला, बाई आपली जागची हलेना.

त्यात आत्या फितूर झाल्या. आबांची ही थोरली बहीण इथेच राहते. गोळ्यांची वेळ त्या सुनेला विचारू लागल्या, तेही माझ्याखाली बसून! एकटीचं म्हणणं हेका ठरतो हो. दोघी तेच म्हणू लागल्या की ऐकणारा चाचपडतो. घरात दोन सदस्यांचा विरोधी पक्ष आलाय, असं आबा चिडवायचे.

"दोघीच आहोत, पण आमची वेळ एक आहे," आत्या म्हणाल्या. "तुम्हा चौघांच्या चार."

धाकटीच्या परीक्षेच्या सकाळी ते चव्हाट्यावर आलं. कोपऱ्यावरून बस सव्वाआठला सुटायची. धाकटीच्या हिशेबाने अजून दहा मिनिटं होती. आईंच्या मते बस आत्ता सुटत होती, थोरल्याच्या मते सुटून गेली होती, आणि आबांच्या मते वर्षच बुडालं होतं. पोरगी दप्तर टाकून रडायच्या बेताला आली.

"आठ दहा," सून म्हणाली, रोजच्याच आवाजात.

"आठ दहा. पळ," आत्या म्हणाल्या.

ती पळाली. बस मिळाली.

त्यानंतर धाकटी सुनेला वेळ विचारू लागली, मग थोरला, मग आईसुद्धा. विचारायचे कसं? "खरे किती वाजले?" त्या 'खरे'ने माझं काळीज जाळलं. ताटाएवढं तोंड असून मी भिंतीचा डाग झालो.

शेवटी आबाच उरले. एका दुपारी त्यांनी स्टूल ओढलं, वर चढले आणि माझ्या काट्यांवर बोट ठेवून थांबले.

"सूनबाई, किती वाजले गं?"

"चार दहा, आबा." ती हसली नाही, हे तिचं मोठेपण.

"वीस मिनिटं राखून ठेवली होती सगळ्यांसाठी," काटे मागे घेत आबा म्हणाले. "कोणालाच मिळाली नाहीत."

आता वर्ष झालं, मी बरोबर चालतो. जळफळाट गेला म्हणाल, तर नाही. ते बोराएवढं रात्री रुमालात निजतं. माझ्या काचेवर बोटभर धूळ. तेवढं फडकं मारा, एवढीच विनंती.

परवा मात्र भांडी घासताना सुनेने मनगट मोकळं ठेवलं होतं. आत्यांनी वेळ विचारली. तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि मी दाखवली तेवढीच वेळ सांगितली. काही वजा केलं नाही.

फळीवर पडलेल्या त्या चिमुरड्याने हे ऐकलं असेल, अशी आशा आहे.