भर दिवसाचे दिवे

राजूरच्या बाजारात हसायला दुसरं काही उरलं नाही की गहिनीनाथ ड्रायव्हर उपयोगी पडायचा. श्रावणात घाटावर धुकं उतरलं की हा गडी भर सकाळी मोटारीचे दिवे लावून निघायचा. "गहिन्या, सूर्व्या दिसंना व्हय रं तुला?" असं कुणी ओरडलं की तोही हसायचा, पण दिवे काही विझवायचा नाही. ते त्याला कारभारीदादानं शिकवलं होतं, आणि दादानं शिकवलेलं म्हणजे त्याच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ.

कारभारी त्या उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीचा मालक. पूर्वी स्वतःच चालवायचा. गहिनीनाथचा बाप गेला तेव्हा शेळ्यांमागे हिंडणाऱ्या या पोराला त्यानं उचलून आपल्या शेजारी बसवलं, गाडी शिकवली, लायसन काढून दिलं, लग्नातही वडीलकीनं उभा राहिला. पहिल्याच पावसाळ्यात घाटात त्यानं सांगितलं होतं, "धुक्यात दिवा लावायचा तो आपल्याला दिसावं म्हनून न्हाई रं. दिव्यानं धुक्यात काय बी दिसत न्हाई. समोरच्याला आपुन दिसावं म्हनून लावायचा." एवढं शहाणपण कुठल्या पोथीत नसेल, असं गहिनीनाथला तेव्हा वाटलं, आणि पुढेही वाटत राहिलं.

लढाईचे दिवस होते. नवं टायर मिळेना, नवी बॅटरी तर दृष्टीसही पडेना. पण कारभारीकडे रेडिओ होता. गावात वीज नव्हती, तो बॅटरीवर चालायचा. संध्याकाळी त्याच्या पडवीत निम्मं राजूर लढाईच्या बातम्या ऐकायला जमायचं, आणि कारभारी मधोमध असा बसायचा, जणू लढाई त्याच्याच परवानगीनं चालली होती. गहिनीनाथची जागा त्याच्या अगदी शेजारी. त्या श्रावणात दोन-तीन दिवस रेडिओ नुसता खरखरला. लोक हिरमुसून परत गेले, आणि कारभारीचं तोंड उतरलं. मग एका संध्याकाळी आवाज पुन्हा खणखणीत आला. "दादा, कसा काय सुदरला?" गहिनीनाथनं कौतुकानं विचारलं. "हाय आपल्या हाताला गुन," कारभारी म्हणाला. सगळे हसले, गहिनीनाथ सगळ्यांत मोठ्यानं हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं नेहमीसारखी हँडल मारून मोटार सुरू केली आणि अकोल्याकडे निघाला. राजुरात लख्ख ऊन होतं, घाटावरही धुकं दिसत नव्हतं, म्हणून त्यानं दिवे लावले नव्हते. घाटाच्या तोंडाशी मात्र धुक्यानं रस्ता गिळला. त्यानं वेग कमी केला, दिव्यांचं बटण ओढलं. दिवे विडीच्या टोकासारखे लालसर झाले आणि विझले. पुन्हा ओढलं, काही नाही. मोटार डोंगराच्या कडेला घेऊन त्यानं थांबवली, रबरी भोंगा दाबत राहिला आणि ओरडला, "उतरा समदे! डोंगराकडं हुबं ऱ्हावा!"

सगळे उतरले. लंकाबाई तेवढी उतरली नाही. ती त्याच्याच आळीतली म्हातारी, मांडीवर कोंबड्यांची पाटी. "जागा धरलीया मी. उतरले की दुसरं कुनी तरी बसंल," म्हणून ती उजव्या अंगाच्या बाकावर ठाम बसून राहिली. तिला हाताला धरून उतरवायला गहिनीनाथ पायरीवर चढला, आणि तेवढ्यात लाकडाच्या ठेकेदाराचा रिकामा ट्रक खालून धुक्यातून वर आला. समोर मोटार आहे हे त्याच्या ड्रायव्हरला कळलं तेव्हा उशीर झाला होता. ट्रक मोटारीची उजवी कूस फाडत गेला.

लंकाबाईचा पाय नगरच्या दवाखान्यात गुडघ्याखाली काढावा लागला.

बैल जुंपून मोटार त्याच संध्याकाळी कारभारीच्या शेडात ओढून आणली. गहिनीनाथ लहान पोरासारखा रडत होता. कारभारीनं त्याला पाठीशी घातलं. "मी हाय न्हवं? उद्या फौजदार येतील. तू खरं तेच सांग. बटन वढलं, दिवं लागलं न्हाईत. बाकी माज्यावर सोड."

दुसऱ्या दिवशी शेडात गहिनीनाथनं खरं तेच सांगितलं. फौजदारानं मोटारीत हात घालून बटण ओढलं. दोन्ही दिवे झगझगीत पेटले.

दिव्यांचा उजेड सरळ गहिनीनाथच्या तोंडावर पडला होता, आणि सगळं गाव ते तोंड बघत होतं. फौजदारानं उतारूंना विचारलं. ते म्हणाले, आम्ही मागं होतो, आम्हाला काय ठाऊक. मग कारभारी पुढं झाला आणि अगदी हळुवार आवाजात म्हणाला, "साहेब, पोर वाईट न्हाई. मीच त्याला शिकिवलंय, दिवं लाव म्हनून. एखाद्या दिवशी इसरतं मानूस. भ्याला, म्हनून खोटं बोलला. त्याला सांभाळून घ्या." फौजदारानं लायसन काढून घेतलं, आणि पुढचं कोर्टात बघू म्हणून सांगितलं.

सगळ्यांत वाईट हे, की गहिनीनाथचा स्वतःवरचाच विश्वास उडाला. बटण खरंच ओढलं का आपण? दादा खोटं कशाला बोलेल? त्याला तो लाल ठिपका आठवायचा, आणि मग तोही भास वाटायचा. दवाखान्यात लंकाबाई तोंड फिरवून म्हणाली, "कंटाळा केलास व्हय रं दिवं लावायचा?" नाही म्हणायची गहिनीनाथची छाती झाली नाही.

नगरहून परतल्यावर तो संध्याकाळी तडक कारभारीच्या घरी गेला, दादाचे पाय धरायला. पडवी रिकामी होती. कारभारी गावात नव्हता. त्याची बायको राहीबाई चहा घेऊन बाहेर आली.

"आज कुनी कसं न्हाई, वयनी? रेडिव लावला न्हाई व्हय?"

"कशाचा रेडिव, भावजी. मोटार वढून आनली त्याच राती ह्यांनी त्याची बॅटरी काढून मोटारीत घातली. रेडिवची पयली कवाच मेली हुती, ती मोटारीत बसवून मोटारीची हितं आनली हुती. आता पडलाय गप." ती भाबडेपणानं बोलून गेली आणि कप भरू लागली.

गहिनीनाथनं चहा घेतला नाही. खणखणीत आवाज आला त्या संध्याकाळी आपण किती मोठ्यानं हसलो होतो, ते त्याला आठवलं. तो ज्या आवाजाला हसत होता तो त्याच्याच मोटारीच्या दिव्यांचा जीव होता. ज्यानं बोट धरून चालवलं, त्यानंच केसानं गळा कापला होता. परका असता तर त्यानं दोन शिव्या हासडल्या असत्या. इथं शिवीसुद्धा सुचेना. फौजदाराकडे धावत जावं असं एकदा मनात आलं. पण साक्ष द्यायची कुणी? राहीबाईनं, नवऱ्याविरुद्ध? तिच्याकडे तो ते कसं मागणार. तो उठला आणि घरी गेला.

मोटारीची कूस ठोकून झाली. कारभारी स्वतःच चालवू लागला, आणि आता धुकं असो नसो, तो दिवे लावून निघायचा. त्याच बाजारातले तेच लोक म्हणायचे, मालक असावा तर असा, जिवाला जपणारा.

पाऊस उघडल्यावर एका सकाळी मोटार स्टँडवरून निघाली. आभाळ स्वच्छ, ऊन कडक, दिवे चालू. गावाबाहेर गहिनीनाथ रस्त्याच्या मधोमध उभा होता. कारभारीनं करकचून ब्रेक लावला.

"बाजूला हो गड्या," तो गोड आवाजात म्हणाला. "कोर्टाचं मी बघतोय. लायसन माघारी मिळंल तुजं."

गहिनीनाथ त्याच्या बाजूला आला आणि दारावर हात ठेवून उभा राहिला. आवाज चढला नाही त्याचा.

"रेडिव बंद पडलाय म्हनं घरचा."

कारभारीच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, डोळ्यांतलं तेवढं गेलं.

"इजवा आता दिवं, दादा," गहिनीनाथ म्हणाला. "दिसलात तुमी मला."

मागच्या उतारूंना काहीच कळलं नाही, गाडी का थांबली म्हणून ते माना काढून बघत होते. कारभारीचा हात बटणापर्यंत गेला आणि तिथंच राहिला.