व्हॅनमधला श्वास

अ‍ॅम्प्लिफायरवरचा गेनचा स्क्रू म्हणजे आवाज वाढवायचं बटण, असं समजणाऱ्या माणसाशी राजदीप दोन मिनिटांच्या वर बोलत नसे. यवतमाळात दारव्हा रोडवर त्याचं कार-स्टिरिओचं दुकान, आणि अशी माणसं रोज दहा. "अरे बाप्पा, डेक चार व्होल्ट पाठवून राह्यला अन् तू अ‍ॅम्पले सांगून ठेवलं का अर्धाच व्होल्ट येईन. माणूस धड बोलून राह्यला अन् तू कानाले कर्णा लावून बसला. मंग खरखर नाही तं काय ऐकू येईन?" गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि घरी जाऊन स्क्रू पुन्हा शेवटपर्यंत पिळायचं. पालथ्या घड्यावर पाणी.

बोरी अरबचा रवी त्यातलाच. भीमजयंतीच्या मिरवणुकीत आपली व्हॅन सगळ्या गावाला ऐकू जावी म्हणून त्याने गेन फुल करून ठेवला होता. रवीला जाऊन आता आठ महिने झाले. दम्याचा झटका आला, आणि यवतमाळच्या दवाखान्यात नेताना याच व्हॅनच्या मागच्या सीटवर तो गेला. गाडी त्याचा बाप चालवत होता.

तो बाप, डोमाजी, आज सकाळी व्हॅन घेऊन दुकानासमोर उभा राहिला. मागे रवीची आई प्रभावती बसली होती. ती काही उतरली नाही.

"जयभीम, काका."

"जयभीम. बाबू, ह्याच्यातला आवाज बंद करून दे. तुही काकू रोज गाडीत येऊन बसते. डेक चालू करते, पण गाणं लावत नाही. म्हणते, रवी दम घेऊन राह्यला. दोन महिने झाले, धड जेवली नाही थे."

राजदीप पुढच्या सीटवर बसला आणि त्याने डेक चालू केला. ओळखीची खरखर आली. त्याला हसूच येणार होतं. पण मग त्या खरखरीत छाती भरावी तसं काहीतरी भरत गेलं, बारीक शिटी वाजली, आणि थांबलं. पुन्हा भरलं, पुन्हा थांबलं. इंजिनाची घरघर म्हणावी, तर इंजिन बंद होतं.

अर्थिंग ढिली असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. कारागिराकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं, आणि भीती वाटली की ते बरं पडतं.

त्याने वायरखालचा रंग खरवडून अर्थिंग घट्ट केली. स्पीकर सोडवले, डेक पाऊण आवाजावर नेऊन एकसुरी टोन लावला आणि अ‍ॅम्पला मीटर लावला. अ‍ॅम्पमधून स्पीकरकडे जायला हवे होते चौदा व्होल्ट, आणि आकडा कितीतरी वर होता. स्क्रू हळूहळू मागे घेत त्याने तो बरोबर चौदावर आणला. स्पीकर पुन्हा जोडले. व्हॅनमध्ये आता काहीच ऐकू येत नव्हतं.

प्रभावती बराच वेळ कान देऊन बसली. मग पदर सारखा करत म्हणाली, "झोपला वाटते. लय दिवसाचा जागा होता." आणि तिने चहा मागितला. राजदीपला फार बरं वाटलं.

चौथ्या दिवशी डोमाजी एकटाच आला.

"काकू कशी हाय?"

"बरी हाय. जेवते, झोपते." तो स्टिअरिंगमागून उठेना. "बाबू, तो स्क्रू होता तसा करून दे."

"काहून, काका?"

"तिले थो आवाज मीच ऐकवला होता. पह्यले मलेच ऐकू आला." डोमाजी समोरच्या काचेकडे बघत बोलत होता. "त्या दिवशी मांगून त्याचा दम ऐकू ये, तितक्यावर मी गाडी हाकत होतो. दारव्हा रोडवर एका जागी ऐकू येनं बंद झालं. मी थांबलो नाही. मांगं पाह्यलंबी नाही. दवाखान्यापर्यंत तसाच आलो. आता गाडी चालवतो तं मांगं काहीच नाही. रोज त्याच जागी येऊन बसल्यासारखं वाटते."

राजदीप जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने गेन फुल करत होता. खरखर आली. दोघं वाट पाहत बसले. खरखर तशीच राहिली, एकसारखी. त्याने घट्ट केलेली अर्थिंग ढिली केली. कडकड झाली, बस्स. इंजिन चालू केलं तर नुसता चिरका आवाज आला. तासभर तो स्क्रू मागेपुढे करत राहिला. घाम डोळ्यांत गेला तरी थांबला नाही.

"राहू दे, बाबू," डोमाजी म्हणाला. "हे मशीन हाय. थो नोहे."

मशीनच होतं काका, पहिल्यापासून मशीनच होतं, असं राजदीपला म्हणायचं होतं. पण तो मधे मधे थांबणारा श्वास त्याने स्वतः ऐकला होता, आणि चार दिवसांपूर्वी याच हातांनी, मीटर लावून, अगदी बरोबर मापात, बंद केला होता.

डोमाजीने इंजिन बंद केलं. मग त्याने मान वळवून मागच्या सीटकडे पाहिलं आणि तो पाहतच राहिला. राजदीपला मागे बघायची हिंमत झाली नाही.